पिठ्याच्या पोटात

सीताफळ हे फळ मला मुळात आवडत नाही. खायला अर्धा तास लागतो, पोटात चमचाभर गर जातो आणि ताटलीत बियांचा ढीग उरतो. पण पुण्यात त्याचं कौतुक फार. गणपती उठले की लोक पिशव्या घेऊन मंडईत येतात आणि प्रत्येक फळ अंगठ्याने दाबून बघतात. दाबल्याने सीताफळ पिकत नाही, काळं पडतं. हे सांगून उपयोग होत नाही. मी तरी सांगते.

यंदाही हंगाम आला तशी मी मंडईत गेले. मी दर वर्षी ज्यांच्याकडे जाते त्या मावशी पाटी मांडून बसल्या होत्या आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने फळांच्या खाचांमधली पांढरी भुकटी झाडत होत्या. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली एक मुलगी त्यांच्यासमोर वाकली होती.

"मावशी, हे व्हाइट व्हाइट काय आहे? केमिकल?"

"पावडर हाय ती, ताई. पिकायची."

"पण ऑरगॅनिक आहे ना?"

"एकदम ऑरगॅनिक."

मी मागून म्हणाले, "किडे आहेत ते. पिठ्या ढेकूण म्हणतात. ऑरगॅनिकच म्हणायचे."

मुलगी फळ टाकून शेजारच्या पपईकडे गेली. मावशींनी ब्रश खाली ठेवला. "घालवलंत गिऱ्हाईक? आता तुमीच घ्या."

"तेच घ्यायला आलेय. पांढरी तेवढी द्या. झाडू नका."

मावशींचा समज आहे की मी कसलंतरी व्रत करते. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलंही होतं, "किती वर्षांचं हाय हे?" मी म्हटलं होतं, "सुटेपर्यंतचं." तेव्हापासून त्या मला किडकी फळं मुकाट्याने निवडून देतात आणि बाकीच्या गिऱ्हाइकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगतात की या बाईंचं डोकं जरा असं आहे, पण घर चांगलं आहे.

ही फळं मी खात नाही. घरी आणते, मोठ्या काचेच्या बरणीत ठेवते, तोंडाला मलमलीचं फडकं बांधते आणि रोज सकाळी चहाच्या आधी भिंगातून बघते. तीन आठवड्यांत फळांचा चिखल होतो, घरभर आंबूस वास सुटतो, मग बरणी रिकामी करून घासते. दर वर्षी हेच. त्या वासाने मला आठ वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो, आणि तो आठवला की आधी चीड येते ती इतर सगळ्यांची. माझी स्वतःची यायला जरा वेळ लागतो.

मी कीटकांवर काम करणाऱ्या एका संस्थेत तांत्रिक अधिकारी आहे. मोठं नाव आहे पदाला. अर्थ इतकाच की साहेब लोक विचार करतात आणि मी नळ्या भरते. संस्थेच्या त्या मजल्यावर समोरासमोर दोन खोल्या आहेत. एका खोलीत पिकांवरच्या किडींचा अभ्यास चालतो, म्हणजे त्या मारायच्या कशा. समोरच्या खोलीत दुर्मीळ होत चाललेल्या कीटकांचा, म्हणजे ते वाचवायचे कसे. दोन्ही खोल्यांची पद्धत एकच. पकडा, स्पिरिटमध्ये बुडवा, ठेचा. मोठा कीटक असला तर त्याचा एक पाय तोडून भागतं. पिठ्यासारखा लहान असला तर अख्खाच नळीत घालून प्लॅस्टिकच्या बारक्या बत्त्याने वाटायचा. त्यातून डीएनए काढायचा, त्याचा एक ठरावीक तुकडा यंत्रात वाढवायचा आणि वाचायला पाठवायचा. चार-पाच दिवसांनी उत्तर येतं. साडेसहाशेच्या आसपास अक्षरं, चारच प्रकारची, उलटसुलट. त्या रांगेवरून कळतं की हा कोण.

काम खोटं नाही, हे मी साहेबांच्या नावाने बोटं मोडतानाही मान्य करते. दिसायला सारख्या दोन किडी निघतात, एकीवर औषध चालतं, दुसरी त्यात न्हाऊन ताजीतवानी होते. हे डोळ्यांना कळत नाही, अक्षरांना कळतं. कुठली कीड कुठून कलमाबरोबर आली तेही कळतं. माझी तक्रार कामाबद्दल नाही. ते करणाऱ्यांबद्दल आहे.

आणि बघणाऱ्यांबद्दलही. दुर्मीळ कीटक म्हटलं की पुण्यातल्या लोकांना फुलपाखरू दिसतं. रविवारी टेकडीवर जा. कोपरापासून मनगटापर्यंत येतील एवढ्या लांब भिंगांचे कॅमेरे, खिशाखिशांच्या चड्ड्या, आणि एका फुलपाखरामागे अकरा माणसं. त्यांच्या बुटांखाली गवतात काय काय चिरडलं जातं त्याची यादी मी त्यांना देऊ शकते. वाचवून घ्यायचं असेल तर कीटकाने आधी सुंदर असावं लागतं. मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढ्या काळ्या ठिपक्यासाठी कुणी टीशर्ट छापत नाही.

पिठ्या तर त्याहून केविलवाणा. मादीला पंख नाहीत, धड पाय असून ती चालत नाही. मेणाची भुकटी अंगावर घेऊन एका जागी बसते आणि झाडाचा रस पिते. नर डासाच्या पिल्लाएवढा, दोन पंखांचा, तोंडच नसलेला, दोन-चार दिवस जगणारा. त्याच्या जनुकांची गंमत मी आमच्याकडच्या प्रत्येक नव्या मुलीला आवर्जून सांगते. नराच्या शरीरात बापाकडून आलेली जनुकं गुंडाळून बंद करून ठेवलेली असतात. तो चालतो तो आईच्या जनुकांवर, आणि पुढच्या पिढीला देतो तीही आईचीच. बापाचं नाव पुढे जातच नाही. एकदा मी हे स्टाफ मीटिंगमध्ये सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, "मॅडम, विषयावर या." विषय होता संशोधनपत्रांवर नावं कोणत्या क्रमाने घालायची.

तर त्या हंगामात सीताफळांवर पिठ्या जास्त पडल्याची ओरड झाली आणि नमुने आणायला मला पाठवलं. दिवे घाट चढून पलीकडे गेलं की सीताफळाच्या बागा लागतात. गावाचं नाव मी लिहिणार नाही, का ते पुढे कळेल. तिथल्या सुमनताई (हेही नाव खरं नाही) माझ्याच वयाच्या, माझ्यासारख्याच कमी बोलणाऱ्या. नवरा बाजारची बाजू बघायचा, झाडं त्या बघायच्या. औषधाच्या वासाने त्यांना खोकला येई, म्हणून बागेत बरीच वर्षं फवारणी नव्हती. तरी फळं चांगली होती. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

मी झाडाखाली उकिडवी बसून चिमट्याने पिठ्या गोळा करत होते. बोटं चिकट झालेली, मनगटावर मुंग्या, मानेवर सप्टेंबरचं ऊन. मी निवडत होते ते गुबगुबीत, न हलणारे. मोठ्या अंगात डीएनए जास्त, हा साधा हिशेब. सुमनताई कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मॅडम, ते नका घेऊ. ते कामातून गेलेत."

"कसे?"

"ते फुगत्यात, मग काळं पडत्यात, मग रिकामं. नुसतं टरफल. त्याला भोक असतंय सुईनं पाडल्यासारखं. आमच्याकडं पिठ्या फार वाढतच न्हाई त्यापायी."

"बरं," मी म्हणाले आणि आणखी दोन गुबगुबीत उचलले. वीस वर्षं नळ्या भरणाऱ्या बाईला किडा कुठला घ्यायचा हे कुणी शिकवू नये, असा माझा चेहरा झाला असणार. निघताना त्यांनी चहा दिला, करंडीभर सीताफळं दिली. ती प्रयोगशाळेत पोरांनी दोन दिवसांत संपवली आणि बिया बेसिनमध्ये टाकल्या. बेसिन तुंबलं. ते मीच काढलं.

पाच नळ्यांत पाच पिठ्या वाटले. तिघांची अक्षरं नेहमीच्या पिठ्याची आली, दोघांची भलतीच. आमच्याकडे तेव्हा ऋचा नावाची मुलगी पीएचडी करत होती. हुशार, बडबडी, कानात सदैव काहीतरी खुपसलेलं. ती भलती अक्षरं तिने आमच्या संगणकावरच्या पिठ्यांच्या यादीशी ताडून बघितली. एकाशीही जुळेनात. साहेबांना सांगितलं. साहेब खुर्चीतून उठले. मी त्यांना खुर्चीतून उठताना फार वेळा पाहिलेलं नाही.

"म्हणजे नवीन स्पीशीज! बाहेरून आलेली कीड!"

"सर, वी शुड चेक अगेन," ऋचा म्हणाली.

"करू ना. पण कळवायला हवं. शेतकऱ्यांचा प्रश्न आहे."

शेतकऱ्यांच्या प्रश्नाची त्यांना इतकी घाई कधी नव्हती. सोमवारी अक्षरं आली. मंगळवारी बागायतदारांना संस्थेच्या शिक्क्याचं पत्र गेलं की नव्या किडीचा प्रादुर्भाव आढळला आहे, आठवडाभरात सगळ्या बागा फवारून घ्याव्यात. बुधवारी साहेबांचा भिंगातून बघतानाचा फोटो पेपरात. भिंगाखाली काहीही नव्हतं. मला माहीत आहे, कारण काच मी पुसून ठेवली होती.

चूक काय झाली होती ते सांगायला मला आजही लाज वाटते, इतकी ती आमच्यासारख्यांनाच शोभणारी आहे. किडा पिठ्याचा, म्हणून त्याची अक्षरं आम्ही पिठ्यांच्याच यादीत शोधली. नळीवर मी माझ्या सुवाच्य अक्षरात 'पिठ्या' असं लिहिलं होतं ना! तीन शहाण्या माणसांनी चिठ्ठीवर विश्वास ठेवला. शेतातल्या बाईने तोंडावर सांगितलं होतं त्याच्यावर नाही.

गुरुवारी दुपारी, सगळे साहेबांनी आणलेले पेढे खात असताना, मी ती अक्षरं जगभरच्या सगळ्या कीटकांच्या मोठ्या यादीत टाकली. उत्तर यायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. तो पिठ्या नव्हताच. ती गांधीलमाशीच्या गोतातली एक चिमुकली माशी होती. चावत नाही, डंख मारत नाही. ती पिठ्याच्या अंगात अंडं घालते. आतून अळी त्याला खात वाढते, तो फुगतो, काळा पडतो, आणि एके दिवशी सुईएवढं भोक पाडून माशी उडून जाते. मी चिमट्याने निवडून निवडून जे गुबगुबीत पिठ्या उचलले होते त्यांच्या पोटात ती होती. मी दोघांना एकाच बत्त्याने वाटलं. यंत्राला खाणाऱ्याची अक्षरं सापडली, खाल्ल्या जाणाऱ्याची हरवली.

म्हणजे आम्ही जिला नवी कीड म्हणून जाहीर केलं ती किडीलाच खाणारी होती. आणि यादीत तिच्यासारखी तंतोतंत दुसरी कुणी नव्हती. नुसती जवळची भावंडं होती, तीही परदेशातली.

आमच्याच संग्रहात, दुर्मीळांच्या खोलीत, लाकडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात तसल्या माश्यांची एक पेटी आहे. कागदाच्या टोकावर डिंकाने चिकटवलेला एकेक ठिपका. त्यातल्या एकीखाली कुणीतरी बोरूने लिहिलेली चिठ्ठी आहे: पुणे, सीताफळ, ऑक्टोबर. साल शाईसकट उडालं आहे. त्या जातीची दुसरी माशी नंतर कुणालाही सापडलेली नाही, असं सूचीत नोंदलं आहे. पेटी हातात धरून मी उभी होते तेव्हा मला वाटलं की ही तीच. वाटलं म्हणजे काय, कळलंच.

साहेबांना सांगितलं. त्यांनी पेढा अर्धाच ठेवला.

"मॅडम, खात्री आहे?"

"पिठ्या नाही याची आहे. ही पेटीतलीच आहे का याची अजून नाही. तिचा पाय काढून जुळवून बघते."

"बघा. सावकाश बघा. तोवर कुठे बोलू नका. पेपरात आलंय आता."

ऋचा जिन्यापर्यंत माझ्या मागे आली. कानातलं काढून हातात घेतलं होतं. "मॅम, आपण त्या ताईंना कॉल करू या ना. जस्ट होल्ड करा म्हणून. फवारू नका."

"काय सांगणार? बहुतेक आमचं चुकलंय?"

"हो. बहुतेक, असंच सांगू."

"बहुतेक हा शब्द माझ्या टेबलावर चालत नाही," मी म्हणाले.

हे वाक्य मी वीस वर्षं प्रत्येक नव्या मुलीला ऐकवत आले होते आणि मला त्याचा अभिमान होता. साहेबांची घाई, पेपरवाल्यांची घाई, पोरांची घाई. या सगळ्यांत मी एकटी अशी, की खात्री झाल्याशिवाय तोंड उघडत नाही. साहेब गप्प बसा म्हणाले म्हणून मी गप्प बसले असं कुणाला वाटेल. तसं असतं तर बरं झालं असतं. भित्रेपणाला निदान माफी मागता येते. मी गप्प बसले ते मला काम नीट करायचं होतं म्हणून.

शुक्रवारी मी त्या जुन्या माशीचा मधला उजवा पाय काढला. केसाहून बारीक. श्वास रोखून काढावा लागतो, नाहीतर तुमच्याच श्वासाने उडून जातो. एवढ्या जुन्या नमुन्यातून डीएनएचे तुकडेच मिळतात. दोनदा काही आलं नाही, तिसऱ्यांदा आलं. वाचायला पाठवलं. शनिवार गेला, रविवार गेला. रविवारी मी घरी माळा आवरला, हे मला स्वच्छ आठवतं. बुधवारी उत्तर आलं. तुकडा लहान होता, पण त्यातलं अक्षर न् अक्षर जुळत होतं. खात्री झाली. मी त्याच मिनिटाला फोन उचलला.

"सुमनताई, बाग फवारलीत का?"

"फवारली की. आईतवारी. मालकांनी टाक्यांवर टाक्या मारल्या. तुमचंच पत्र आलं हुतं, शिक्क्याचं." त्या खोकल्या. मग म्हणाल्या, "का वो, मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले.

खोटं बोलण्याचा मला सराव नाही, तरी ते एका दमात जमलं.

नंतर आम्ही तिथे तीनदा गेलो. भिंगं, जाळ्या, पिवळे चिकट कागद, सगळं घेऊन. बागेतली प्रत्येक ओळ बघितली. पिठ्या होतेच, औषधाने ते कधीच पुरते मरत नाहीत. काळं पडलेलं टरफल एकही नव्हतं. तिसऱ्या खेपेला साहेब गाडीत बसून फोनवर बोलत असताना मी सुमनताईंना सगळं सांगितलं. माशी, बत्ता, चिठ्ठी, रविवार, बुधवार. त्या ऐकत होत्या.

"म्हंजी मी दाखवलं तेच?"

"तेच."

"अन् तुमाला कळलं कवा?"

"गुरुवारी."

त्यांनी हिशेब केला असणार. दोन बोटं हलली. "चहा ठेवते," म्हणून त्या आत गेल्या. आम्ही निघेपर्यंत चहा आला नाही. पुढच्या हंगामात त्यांच्या बागेत पिठ्या असा माजला की फळांवर जागा दिसेना, असं त्यांचा माल घेणाऱ्या मंडईतल्या मावशींकडून कळलं. सुमनताई एकेक फळ हाताने घासत बसत. आधी ते काम ती माशी करत होती.

साहेबांनी चूक सुधारली नाही. मोठी केली. वर्षभराने त्यांचा लेख आला: कित्येक दशकांनी सापडलेली आणि बहुधा त्याच वर्षी नामशेष झालेली जात. नामशेष कशाने झाली या प्रश्नाला 'बागायतदारांनी केलेली फवारणी' असं उत्तर होतं. पत्राचा उल्लेख नव्हता. माझे आभार मानले होते, 'नमुने गोळा करण्यासाठी'. ऋचाने स्वतःचं नाव त्यातून काढायला लावलं आणि दुसरीकडे निघून गेली. मला ती नंतर एकदा भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. ती म्हणाली, "मॅम, आय नो." पुण्यात वाढलेली मुलगी.

आता साहेब निवृत्त झाले आहेत आणि 'कीटकांचे आक्रंदन' या विषयावर व्याख्यानं देतात. मागच्या हिवाळ्यात मी एकाला गेले होते. पुढच्या रांगांत शाली, मागे आम्ही. पडद्यावर त्या पेटीतल्या माशीचा फोटो, छतापासून जमिनीपर्यंत मोठा केलेला. उजवा मधला पाय नाही. साहेब म्हणाले, "हिला जिवंत पाहिलेला एकही माणूस आज या जगात नाही." आवाज जरा कापरा केला होता. शेजारच्या बाईंनी डोळे टिपले. मी विचार करत होते की हे एवढं एक वाक्य तरी खरं आहे. आम्ही तिला आधी वाटलं, मग ओळखलं. बघायची पायरी राहूनच गेली.

म्हणून ती बरणी. औषध न मारलेलं एखादं झाड कुठेतरी असेल, त्याच्या फळावर पिठ्या असेल, त्या पिठ्यात ती असेल. दर वर्षी मंडईत येणारी किडकी फळं आणायची आणि बघायचं. साध्या जातीच्या माश्या दर वर्षी निघतात. त्यांची टरफलं तपकिरी असतात. काळं टरफल सात हंगामांत एकदाही दिसलं नाही.

यंदा दिसलं. बरणीतल्या चौथ्या फळावर, देठाजवळच्या खाचेत, काळं, कडक, एका टोकाला सुईने पाडल्यासारखं भोक. रिकामं. जी कोणी होती ती मंडईत, टेंपोत नाहीतर झाडावरच निघून गेली होती. टरफल नळीत घालून तपासता आलं असतं. आत सोडलेली कातडी असते, नशीब असेल तर त्यातून अक्षरं निघतात. पाच दिवस लागले असते. मी हात पुसले, स्कूटर काढली, मंडईत गेले.

"मावशी, परवाची पांढरी फळं कुठली?"

"तुमच्या त्या घाटावरच्या बाईंची. का, व्रत मोडलं काय?"

तिथूनच, पाटीशेजारी उभी राहून मी फोन लावला. सुमनताईंशी आठ वर्षांत बोलले नव्हते. नाव सांगितलं. पलीकडे म्हैस ओरडली. मी म्हटलं, "काळं टरफल आहे."

आधी त्यांनी म्हशीला गप्प केलं. मग म्हणाल्या, "पोरानं गोठ्यामागच्या झाडाची फळं चुकून पाटीत भरली वाटतं. या तुमी. एकट्या या. त्या साहेबाला आणू नका."

गोठ्यामागे एक झाड आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तीनदा गेलो, रांगा मोजल्या, नकाशा काढला, पण शेणाच्या उकिरड्यापलीकडे, बांधलेल्या कुत्र्याजवळून कुणी गेलं नव्हतं. त्या रविवारी नवरा पंप घेऊन तिकडे निघाला तेव्हा सुमनताईंनी त्याला अडवलं होतं. झाडाखाली म्हैस बांधतात. औषध तिच्या वैरणीवर पडलं असतं. बस, एवढंच कारण. कुणाला निसर्गप्रेम वगैरे सुचलं असेल तर सुचू द्या. तिला आठ वर्षं राखली ती म्हशीने. आणि त्यानंतर सुमनताईंच्या तोंड बंद ठेवण्याने.

हे लिहिलेलं साहेबांच्या वाचनात आलं तरी मला काळजी नाही. ते शेणातून जाणार नाहीत.

मी पोचले तेव्हा त्या दारातच उभ्या होत्या. केस पिकले होते, कमरेवरचा हात तिथेच होता. मी चपला काढायला वाकले.

"चपला राहू द्या, शेण हाय. पर्स हितं वट्यावर ठेवा."

"पर्स?"

"त्यात डबी असंल तुमची. स्पिरिटाची."

होती. असतेच. नळ्या, चिमटा, स्पिरिट. अठ्ठावीस वर्षं रुमालाआधी ते भरते. मी पर्स ओट्यावर ठेवली.

"गळ्यातलं?"

"भिंग आहे. नुसतं बघायचं."

"ते असू द्या."

म्हशीला ढकलून आम्ही मागे गेलो. झाड लहानसं, वेडंवाकडं, त्याची फळं बाजारात नेण्यासारखी नाहीत. सुमनताईंनी एक फांदी धरून खाली वाकवली. फळाच्या खाचेत पांढरी भुकटी, तिच्यात चार-पाच काळी टरफलं. एका पिठ्याच्या पाठीवर ठिपका होता. मी भिंग लावलं. ठिपक्याला पाय होते, सहाच्या सहा. मिशा होत्या, आणि त्या मिशांनी ती पिठ्याच्या पाठीवर टकटक करत होती, थांबत होती, पुन्हा करत होती. मी तिचं पोट बघितलं, पंखांवरची शीर बघितली, मिशांची टोकं बघितली. पेटीतल्या माशीच्या मिशा डिंकात बुडाल्या होत्या, त्या अशा पांढऱ्या असतील हे मला कळणं शक्यच नव्हतं. नक्की सांगायचं तर एकच उपाय होता आणि तो ओट्यावर राहिला होता.

माझ्या कानाशी सुमनताईंचा श्वास वाजत होता. फांदी धरून त्यांचा हात भरून आला असावा.

"तीच हाय का?" त्यांनी विचारलं.

मी भिंगावरून डोळा काढला नाही.

"बहुतेक," मी म्हणाले.